टक्क्यानंतरचं वाक्य

हातच्या कांकणाला आरसा कशाला, असं पूर्वी म्हणत. आता आरसाही चालत नाही, पीडीएफ लागते. भिंगताईंना हे पन्नाशी उलटल्यावर कळलं.

भिंगताई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. एका जुन्या चष्म्याच्या दुकानात, मागच्या खोलीत बसून त्या काचा घासायच्या आणि फ्रेममध्ये बसवायच्या. एकदा त्यांच्या हातचा चष्मा घातलेलं माणूस पुन्हा आलं की मालकांना ओलांडून थेट पडद्याआड डोकावायचं आणि विचारायचं, "भिंगताई आहेत का?" मालकांना त्याचं वाईट वाटायचं नाही, कारण दुकान कोणाच्या जिवावर चाललंय हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण मालक थकले, मुलीकडे राहायला जायचं ठरलं, आणि दुकानाला कुलूप लागायची वेळ आली.

त्याच सुमाराला मोठ्या रस्त्यावरच्या डोळ्यांच्या इस्पितळाने जाहिरात दिली. त्यांच्याकडे चष्मे बनवायचा स्वतःचा विभाग सुरू होणार होता आणि त्याला अनुभवी प्रमुख हवी होती. बायोडेटा ईमेलने पाठवा, असं खाली लिहिलं होतं. भिंगताईंनी आयुष्यात कधी बायोडेटा केला नव्हता. लग्नाच्या वेळचा केला होता, पण तो वडिलांनी, आणि त्यातही त्यांना स्वयंपाकाची आवड असल्याचं खोटंच ठोकून दिलं होतं.

"वहिनी, तुम्ही काळजीच करू नका," धाकटे दीर म्हणाले.

हे वाक्य ऐकलं की त्या घरात सगळेच काळजी करायला लागत. भाऊजी कॉलेजात गणित शिकवायचे आणि वरच्या मजल्यावर एकटे राहायचे. त्यांचा जीव दोन गोष्टींवर होता : एक म्हणजे स्वतःची मतं, आणि दुसरं म्हणजे लॅटेक. लॅटेक म्हणजे कागदाची मांडणी करणारी एक संगणकाची पद्धत. आपण साधा मजकूर टंकायचा, मध्ये मध्ये खुणा घालायच्या, की छापील पुस्तकासारखं पान तयार होऊन बाहेर येतं. जगातले बाकी लोक साध्या मार्गाने पत्र लिहितात. भाऊजी भाडेकराराची नक्कलही लॅटेकमध्ये करायचे. जिन्यात लावलेली "दिवा बंद करा" ही पाटीसुद्धा त्यांनी त्यातच केली होती, आणि ती इतकी देखणी झाली होती की लोक दिवा चालू ठेवून वाचत उभे राहायचे.

भाऊजींनी बायोडेटाचा एक तयार साचा उतरवून घेतला. त्या साच्यात नमुन्यादाखल एक गृहस्थ आधीच राहत होते. त्यांना दोन सुवर्णपदकं मिळाली होती, चार भाषा येत होत्या, आणि फावल्या वेळात ते डोंगर चढत. त्यांना एकेका ओळीतून बाहेर काढून तिथे भिंगताईंना बसवायचं होतं.

"बिचाऱ्याचं घर खाली करतोय असं वाटतंय," भिंगताई म्हणाल्या.

"तो माणूस अस्तित्वात नाही, वहिनी."

"म्हणून काय झालं? शिकलेला तर आहे."

मग एकेक मथळा आला. 'प्रकाशित शोधनिबंध' हा पुसला. 'परिषदांमधील व्याख्याने' हाही पुसला. 'शिक्षण' या मथळ्याखाली नमुन्याच्या गृहस्थांच्या सात ओळी होत्या, भिंगताईंची एकच झाली, आणि ती पानावर इतकी एकटी दिसायला लागली की त्यांना कसंनुसंच झालं. भाऊजींनी काही आकडे बदलले, मोकळी जागा आवळून घेतली, आणि ती ओळ जरा अंग धरून बसली. 'कौशल्ये' या मथळ्यापुढे पाच पाच टिंबं होती. जेवढं येतं तेवढी काळी करायची. काच घासणे यापुढे भिंगताईंनी चार केली. भाऊजी म्हणाले पाच करा. त्या म्हणाल्या, पाच म्हणजे आणखी शिकण्यासारखं काही उरलंच नाही, असा अर्थ होतो. यावर बराच वाद झाला. शेवटी स्वयंपाकघरातून त्यांचे यजमान म्हणाले, "चारच असू दे. भाजी करपतेय, कोणीतरी गॅस बंद करा." हे गृहस्थ एरवी बोलायचेच कमी, आणि बोलायचे तेव्हा विषय संपायचा.

शेवटचा परिच्छेद 'माझ्याविषयी' असा होता. तो लिहायच्या वेळी भाऊजींना परीक्षेच्या कामाला जायचं होतं. ते म्हणाले, "हा तुम्ही एकट्यानेच लिहा. आता जमतंय तुम्हाला. लिहायचं आणि हे बटण दाबायचं."

तसा तो एकट्यानेच लिहायचा होता. कारण त्यात जे सांगायचं होतं ते भिंगताईंनी गेल्या कित्येक वर्षांत कोणालाच आपणहून सांगितलं नव्हतं. त्यांचा डावा डोळा जन्मापासून अधू होता. बघणाऱ्याला कळत नसे. डोळा सरळ होता, फक्त त्याला दिसत नसे. लग्नाआधी त्या तीन दुकानांत काम मागायला गेल्या होत्या आणि तिन्ही ठिकाणी हे सांगितल्यावर लोक हसले होते. एका डोळ्याची बाई लोकांचे चष्मे करणार, म्हणजे आंधळ्याने आंधळ्यांना वाट दाखवण्यातलाच प्रकार, असं एकाने तोंडावर म्हटलं होतं. चौथ्या दुकानात त्या काहीच बोलल्या नाहीत. मालकांना आठवडाभरात कळलंच, कारण भिंगताई काच बघताना मान जरा वळवायच्या. ते एवढंच म्हणाले, "काम चोख आहे. गिऱ्हाइकांना मात्र कळू देऊ नकोस." त्यांनी कळू दिलं नाही. सगळी नोकरी त्यांनी मान सांभाळत काढली, त्यापायी खांदा कायम दुखायचा, आणि या गोष्टीचा त्यांना आतून फार शीण आला होता.

नव्या जागी तसं नको होतं. घेतलं तर माहीत असून घ्या, नाहीतर नका घेऊ. म्हणून त्यांनी एका दमात टंकलं : 'मी लागले तेव्हा दुकानात काचांची तूट 12% होती, ती माझ्या हाताखाली 3% वर आली, आणि हे सगळं काम मी एका डोळ्याने केलं आहे, माझा डावा डोळा जन्मापासून अधू आहे, हे आधीच कळवत आहे.' बटण दाबलं. पान तयार झालं. त्यांनी शेवटच्या परिच्छेदाकडे बघितलंच नाही. लिहायला जेवढं धैर्य लागलं, तेवढ्यात ते संपलं होतं.

संध्याकाळी भाऊजींनी पान बघितलं. बघितलं म्हणजे डोळे बारीक करून लांबून बघितलं. "समास काय सुरेख आलेत, वहिनी," ते म्हणाले, आणि पाठवून दिलं. भिंगताईंना वाटलं, भाऊजींनी वाचलं आणि समजूतदारपणे विषय काढला नाही. त्यांना दिराचं कौतुक वाटलं. हे कौतुक फुकट गेलं.

मुलाखतीला बोलावणं आलं. जायच्या दिवशी सकाळी भिंगताई केस विंचरत होत्या आणि यजमान खुर्चीत बसून छापलेला बायोडेटा वाचत होते. बायकोचं सगळं कर्तृत्व छापलेलं बघून त्यांना बरं वाटत असावं, कारण ते मोठ्याने वाचत होते. वाचता वाचता थांबले.

"'मी लागले तेव्हा दुकानात काचांची तूट 12.' पुढे काय?"

"पुढे आहे की. वाचा."

"पुढे काही नाही. पुढे तुझा फोन नंबर आहे."

भिंगताईंनी कंगवा खाली ठेवला. त्यांनी कागद घेतला, उजवीकडून बघितला, उलटा करून पाठीमागेही बघितलं. मग भाऊजींना फोन केला. भाऊजींनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला.

"तुम्ही टक्क्याचं चिन्ह टाकलंत?"

"बारा टक्के आहे ते. टक्का टाकणार नाही तर काय टाकणार?"

"चूक माझी आहे, वहिनी. लॅटेकमध्ये ते चिन्ह म्हणजे या ओळीत यापुढचं काही छापू नकोस, अशी खूण असते. दुसरं काही चुकलं तर ते बोंबलतं. हे गपचूप गिळून टाकतं." मग जरा घुटमळून त्यांनी विचारलं, "गिळलं काय पण?"

भिंगताईंनी सांगितलं. डोळ्याचं भाऊजींना घरातलं म्हणून माहीत होतंच. ते हळू आवाजात म्हणाले, "मग बरंच झालं म्हणा ना. तुम्ही लपवलेलं नाही, यंत्राने खाल्लं. आधी नोकरी लागू दे. सांगायचं मग सावकाश."

इस्पितळाकडे बसने जाताना भिंगताईंना हा सल्ला फार शहाणपणाचा वाटत होता. आपण तर लिहिलं होतं. देवाघरी त्याची नोंद झाली असेलच. इस्पितळात नसली म्हणून काय बिघडलं?

मुलाखत घ्यायला एकच डॉक्टरीणबाई होत्या, इस्पितळाच्या प्रमुख. टेबलावर भिंगताईंचा बायोडेटा होता आणि शेवटच्या वाक्याखाली पेनाने रेघ मारलेली होती.

"तुम्हाला बोलावलं ते या वाक्यामुळे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "काचांची तूट बारा. म्हणजे वर्षाला बारा काचा ना? आमच्या जुन्या ठेकेदाराकडे आठवड्याला तेवढ्या फुटायच्या."

नुसती मान हलवली असती तरी काम झालं असतं. भिंगताईंची मान हलायच्या बेतात होती. पण या मानेला सांभाळून सांभाळून त्यांना इतका कंटाळा आला होता, की तोंडातून दुसरंच आलं.

"नाही, बाई. ते बारा टक्के आहेत, आणि ते मी यायच्या आधीचे. माझ्या हाताखाली तीन टक्के झाले. आणि त्यापुढेही वाक्य होतं, ते छपाईत गेलं. मला डाव्या डोळ्याने दिसत नाही."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून ठेवला. "पाठवण्याआधी वाचून बघितलं नाहीत?"

"लिहिलं होतं. पण परत वाचवलं नाही."

बाईंनी बायोडेटा बाजूला सारला. मग त्यांनी शेजारच्या खोलीतून एक फ्रेम आणि कच्च्या काचांची जोडी मागवली आणि भिंगताईंना यंत्रापाशी नेलं. यंत्र नवीन होतं, पण काच ती काच. भिंगताई मान हवी तेवढी वळवून बसल्या, लपवायचं काही उरलं नव्हतं. कड घासली, नखाने चाचपली, पुन्हा घासली, काच खोबणीत टक्कन बसली. दुसरी बसवताना त्यांच्या लक्षात आलं, की आज खांदा दुखत नाहीये.

डॉक्टरीणबाईंनी चष्मा उजेडात धरला, फिरवला, दांड्या उघडमीट करून बघितल्या. "तीन टक्के पटतात," त्या म्हणाल्या. "आता इकडे या. इथे लागणाऱ्या प्रत्येकाचे डोळे आम्ही तपासतो."

भिंगताई पेशंटच्या खुर्चीत बसल्या. इतकी वर्षं चष्म्याच्या धंद्यात काढून या खुर्चीत त्या कधी बसल्या नव्हत्या. समोर अक्षरांचा तक्ता होता, दुकानात होता तोच. वरपासून खालपर्यंत तो त्यांना तोंडपाठ होता, झोपेत विचारला असता तरी म्हणून दाखवला असता. डॉक्टरीणबाईंनी त्यांचा उजवा डोळा झाकला.

"वरची ओळ वाचा."

भिंगताईंनी डावा डोळा सताड उघडा ठेवला.

"दिसत नाही," त्या म्हणाल्या. "नुसता उजेड आहे."

एवढं बोलताना त्यांना हसूही येत होतं आणि रडूही, आणि दोन्ही त्यांनी येऊ दिलं. डॉक्टरीणबाईंनी 'फक्त उजेड' असं कागदावर लिहून घेतलं आणि विचारलं, "सोमवारपासून जमेल?"