साडूंचा शोधनिबंध

लेख लिहिणारे जगात पुष्कळ असतील, पण छापून आलेला लेख नव्या नातवासारखा कडेवर घेऊन गावभर मिरवणारा माणूस एकच, आणि तो नेमका माझा साडू निघावा हे माझं नशीब. साडू रोह्याच्या एका कॉलेजात भूगोल शिकवतात. भरतीचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून पेणच्या खाडीकडच्या गावांनी मातीचे बांध घातलेले असतात. ते कुठेकुठे कच्चे झालेत यावर त्यांनी इंग्रजीत शोधनिबंध लिहिला. तो एका जर्नलात छापून आला आणि त्या दिवसापासून आम्हा नातेवाइकांच्या सुखाला दृष्ट लागली. "लिहिणं म्हणजे नुसतं बाळंतपण," ते म्हणायचे, "पोर वाढवायचं कोणी?"

वाढवायचं अर्थातच आम्ही. रामवाडीत माझं औषधांचं दुकान आहे. त्याच्या काउंटरवर त्यांनी मला न विचारता निबंधाचा क्यूआर कोड चिकटवला. गिऱ्हाईक पैसे द्यायला स्कॅन करायचं आणि मोबाइलवर बांधांचे आलेख उघडायचे. मेव्हणीने हळदीकुंकवाला वाण म्हणून डबे आणले, तर यांनी रातोरात प्रत्येक झाकणावर तोच कोड डकवला. त्यानंतर मेव्हणी आठवडाभर त्यांच्याशी बोलली नाही. निडीला एका नातलगाच्या दहाव्याला गेलो होतो. पिंडाला कावळा शिवेना, सगळे उन्हात ताटकळलेले. साडू हळूच म्हणाले, "तोवर सारांश तरी वाचून घ्या." त्यांच्या समाधानासाठी मी चार वेगवेगळ्या मोबाइलवरून लिंक उघडली आहे. वाचली एकदाही नाही. रोज सकाळी तोंड धुवायच्या आधी ते निबंध किती जणांनी उघडला ते बघत, आणि त्यातले चार आपल्या साडूचे आहेत हे त्यांच्या गावीही नसे. एकदा मात्र चहा पिताना त्यांनी मला विचारलं, "एक तरी माणूस शेवटपर्यंत वाचेल का हो?" मी थट्टा न करता त्यांच्या कपात आणखी चहा ओतला.

पुढे ते खाडीकडच्या गावांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांत शिरले आणि तिथे त्यांना तो वाचक भेटला. माझ्या दुकानात बसलेले असताना त्यांना सौदीहून फोन आला. मलाही कळावं म्हणून त्यांनी ऐटीत स्पीकर लावला.

"सर, शिफ्ट सुटल्यावर तुमचा पेपर पूर्ण वाचला," पलीकडचा मुलगा म्हणाला. "नकाशात जो बांध सगळ्यात कच्चा दाखवलाय ना, त्याच्या मागंच आमचं शेत हाय. अम्मी एकटी ऱ्हाते तिथं. येत्या अमावास्येला मोठं उधाण हाय. तिला कोणी सांगितलं का?"

साडूंनी स्पीकर बंद केला. सगळ्या जगाला सांगून झालं होतं. ज्यांचा बांध, त्यांनाच सांगायचं राहिलं होतं.

तसेच माझ्या स्कूटरवरून निघालो. त्या मुलाची अम्मी, खतिजा मावशी, अंगणात सुकट वाळवत होती. साडू चाचरत, हातवारे करत बांध कुठे फुटेल ते समजावू लागले. तिने सगळं ऐकून घेतलं.

"ठाव हाय मला," ती म्हणाली. "तुमी बांध बघाया आलता तवा मीच नाय का दाखवला? तुमी लिवून नेलंत. मला वाटलं, आता बांधावर माती येईल."

साडूंनी बांध भरतात कसा ते तिलाच विचारलं, आणि मला त्यांचं फार वाईट वाटलं.

त्या गावची रीत अशी की बांध भरायला घरटी एक माणूस यायचा. पण आता पोरं कंपनीत नाहीतर आखातात, त्यामुळे काही वर्षं कोणी जमलंच नव्हतं. साडू चार दिवस घरोघर गेले. मागे लागून लोकांना जेरीस आणायची विद्या त्यांच्याकडे होतीच, ती पहिल्यांदा सत्कारणी लागली. अमावास्येआधीच्या रविवारी ओहोटी लागताच माणसं बांधावर जमली. मी कंबरदुखीचं निमित्त सांगून कडेला उभा राहिलो. साडू पँट दुमडून गुडघाभर चिखलात ढेकळं पुढे देत होते आणि त्यातली निम्मी पाडत होते. एक म्हातारा वहीत घरांची हजेरी मांडत फिरत होता. तो साडूंपाशी येऊन थांबला.

"आनि हे कोनाच्या घरचे?"

साडूंनी कॉलेजचं नाव सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात बांधावरून खतिजा मावशी म्हणाली, "माझ्या घरचा हाय तो. लिव."