बाबांना न कळलेली गाणी

नीव गेल्याचं कळलं तेव्हा मी सौदीतल्या जुबैलच्या आमच्या हॉस्पिटलात डायलिसिसच्या मशीनपाशी उभी होते. खिशातला फोन थरथरत होता. हात मोकळे झाल्यावर पाहिलं, तर अनोळखी परदेशी नंबरवरून मेसेज. 'मी नीवचा बाबा. तिच्या फोनमध्ये तुमचं नाव सगळ्यात वर आहे. नीव मंगळवारी गेली. तिने स्वतःच...' पुढे काही नव्हतं. सुट्टीवर जाऊन तिला जेमतेम अकरा दिवस झाले होते. शेजारच्या मशीनचा अलार्म वाजला, तो बंद करून मी पुढच्या पेशंटकडे गेले. रडायलासुद्धा ड्युटी संपेपर्यंत थांबावं लागलं. त्याला आता दोन महिने होतील.

ती उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टची. सत्तावीस वर्षांची, लालसर केसांची, फार हलक्या हाताची. म्हातारे सौदी पेशंट सुई लावायला तिलाच बोलवायचे. तिच्या नावाचं स्पेलिंग एक आणि उच्चार दुसराच, त्यामुळे इकाम्याच्या, म्हणजे इथे राहण्याच्या परवान्याच्या, ऑफिसपासून वॉर्डापर्यंत कुणी तिला धड हाक मारली नव्हती. मी कागदावर देवनागरीत 'नीव' लिहून वाचून दाखवलं, तेव्हा ती केवढी हरखली! तो कागद तिने बॅजच्या मागे घालून ठेवला. मी चिपळूणची. फोनवर लेकीला मराठीत रागवायचे आणि लेक इंग्रजीत उलट उत्तरं द्यायची, ते ऐकून नीव एकदा म्हणाली, "निदान तू तुझ्या भाषेत रागावतेस, सुनीता. आमच्याकडे राग पण उसना." त्यांच्या घरी इंग्रजीच बोलायचे; आयरिश ती शाळेत शिकली होती. तिच्या आईबाबांना त्यातलं अक्षर येत नव्हतं.

आम्ही एकाच कंपाउंडात राहायचो. सकाळी हॉस्पिटलची व्हॅन यायची आणि चढण्याआधी नीव रोज वाकून गाडीखाली बघायची. मला वाटायचं, मांजरं बघते. इथे उन्हातून वाचायला ती गाडीखाली बसतातच. आमचा पठाण ड्रायव्हर "यल्ला, सिस्टर!" म्हणून हॉर्न वाजवायचा. एकदा मी विचारलं, "आहे का गं मांजर?" ती हसली नाही. म्हणाली, "माझे आजोबा टॅक्सी चालवायचे. गाडीखाली बॉम्ब होता. बाबा तेव्हा नऊ वर्षांचे. ते दारातच उभे होते." त्यानंतर तिचे बाबा रोज सकाळी गाडीखाली बघत आले. नीव जन्मली तेव्हा तिकडची बॉम्ब-गोळीबाराची वर्षं संपून समझोता झालेला होता. तिने आयुष्यात एकही बॉम्ब पाहिला नाही. "पण वाकायला शिकले," ती म्हणाली. त्या दिवसाबद्दल बाबा कधी एक शब्द बोलले नाहीत. त्यांच्या घरात ती गोष्ट न बोलता सगळ्यांना ठाऊक होती. शाळेतल्या तिच्या दोन मित्रांनी स्वतःचा जीव घेतला होता, तोही शांततेच्या काळात... हे ती पेशंटचा रिपोर्ट सांगावा तसं सांगायची.

तिच्या शहरातली तरुण मुलं आता आयरिशमध्ये रॅप करतात. नीवही करायची. शुक्रवारी माझ्या स्वयंपाकघरात ओट्यावर बोटांनी ठेका धरून सुरू व्हायची. घशातून येणारे खरखरीत शब्द, दम लागेल इतके भरभर. एरवी हळू आवाजात बोलणारी हीच का ती, असं वाटायचं. मग मला अर्थ सांगायची. सगळी गाणी बापाला उद्देशून होती. 'तू दार लावलंस आणि मला आत ठेवलंस. तुझी भीती मला झाली, तिचं नाव तरी सांग.' गाणी रेकॉर्ड करून ती त्यांनाच पाठवायची. मी म्हटलं, "अगं, त्यांना कळत नाही ना?" "म्हणून तर पाठवते," ती म्हणाली. बाबा प्रत्येक गाण्यावर 'छान' म्हणून फोनवरचा अंगठा पाठवायचे.

सुट्टीवर निघाली त्या दुपारी मी तिला डब्यात घावन दिले. पोरगी उतरली होती, झोप नाही म्हणत होती. मला ते दिसत होतं. नर्स आहे मी. पण घरी जातेय, बरी होईल, असं मी धरून चालले. ती म्हणाली, "ह्या खेपेला बाबांना समोर बसवून विचारणार आहे." मी म्हटलं, "विचार. एकदा विचारून टाक." असं मरण एका कारणाने येत नाही, हे मला माहीत आहे. तरी ते तीन शब्द माझ्या तोंडचे होते.

महिन्याभराने तिच्या बाबांचा फोन आला. कामकरी माणसाचा जाड आवाज. "तिने मला विचारलं होतं," ते म्हणाले. "मी म्हटलं, चहा ठेव. आणि बाहेर निघून गेलो." मग म्हणाले, "तिची गाणी ऐकत असतो. तुम्हाला ती अर्थ सांगायची ना? माझ्याबद्दल काही आहे का त्यात?"

"आहे," मी म्हटलं.

"चांगलं की..."

"चांगलं. तुमची फार आठवण काढायची त्यात."

ते रडले. मला वाटलं, निदान एवढं तरी करता आलं.

गेल्या आठवड्यात त्यांचा मेसेज आला. त्यांनी आयरिशचा क्लास लावलाय, साठीच्या घरात. वर्गात सगळ्यात म्हातारे तेच. अजून आकडे आणि घरातल्या वस्तू चालल्यात. पण बाई म्हणतात, वर्षभर नेटाने आलात तर मुलीची गाणी कळायला लागतील. सोबत व्हॉइस मेसेज होता. एक ते वीस मोजून दाखवले होते, अडखळत, तेराला चुकून पुन्हा सुरुवातीपासून.

मी अंगठा पाठवला.