चेंडू थांबल्यावरचा सॉरी

बेरिट हौगेनला टेनिस शिकवले ते चर्चच्या उत्तरेकडच्या भिंतीने. त्या भिंतीला खिडकी म्हणजे वरच्या कोपऱ्यात पास्टर ओस्टबींच्या खोलीचा झरोका तेवढा. बाकी सगळी वीट. बेरिट आठ वर्षांची असताना पास्टरांनी स्वतः खडूने जाळीच्या उंचीची रेघ ओढून दिली आणि पुढची दहा वर्षे रविवारचे प्रवचन त्या धपधप आवाजातच लिहिले. चेंडू उडून झरोक्यापाशी आपटला, की बाहेरून आवाज यायचा, "ओप! सॉरी, पास्टर!" आणि आतून उत्तर जायचे, "चालू दे, बाळा!"

हा 'ओप' काही तिच्या एकटीचा नव्हता. आयोवाच्या त्या कोपऱ्यात दुकानात दोघांच्या ढकलगाड्या समोरासमोर आल्या, चर्चच्या तळघरात कॉफीच्या रांगेत कोपर लागले, की दोघांच्याही तोंडून आधी 'ओप' निघतो आणि मागोमाग 'सॉरी'. चूक कोणाची ते नंतर. बेरिटची आई डार्ला खुर्चीला अडखळली तरी खुर्चीची माफी मागते. वडील लोरेन दुधाचा टँकर चालवतात. ते म्हणतात, "आमच्या घरात भांडण होतच नाही. दोघंही आधीच सॉरी म्हणून मोकळे. मग भांडायला उरतं काय?"

अशा घरात वाढलेल्या मुलीला समोरच्याला हरवायचे होते, आणि तेही नुसते शाळेसाठी नाही. तिला कॉलेजच्या टीममध्ये खेळायचे होते. गावातल्या पोरी शाळा संपली की रॅकेट गॅरेजमध्ये टांगतात, ती मग तिथेच राहते. बेरिटने मनाशी पक्के केले होते, आपली टांगायची नाही.

शेवटच्या वर्षी तिने अकरा कॉलेजांच्या कोचना पत्रे लिहिली. सोबत व्हिडिओ जोडला. तो लोरेननी फोनवर काढलेला, त्यात निम्मा वेळ त्यांचा अंगठाच दिसत होता. नऊ जणांचे उत्तरच आले नाही. एकाने कळवले, जागा भरल्या. उरलेले एक उत्तर तीन तासांवरच्या, नदीकाठच्या एका छोट्या कॉलेजातून आले. कोच रमोना प्रुइट यांनी दोनच ओळी लिहिल्या होत्या: एक मुलगी सोडून गेली आहे, म्हणून एक जागा आहे. मे महिन्यातला विभागीय सामना बघायला येते.

त्या संध्याकाळी जेवणाआधी लोरेननी हात जोडले, अन्नासाठी आभार मानले आणि पुढे म्हणाले, "आणि कोच प्रुइटना रस्ता नीट सापडू दे. महामार्गावरून डावीकडे, धान्याच्या कोठारापाशी..."

"लोरेन," डार्ला डोळे न उघडताच म्हणाली, "देवाला पत्ता ठाऊक आहे."

बेरिटला हसू आवरेना. पण निजायला जाताना तिनेही तेच मागितले. पत्त्यासकट.

सामन्याच्या दिवशी वारा होता. मक्याच्या शेतांवरून येणारा तो वारा बेरिटच्या सवयीचा. हिरवी टोपी घातलेल्या, घडीच्या खुर्चीत ताठ बसलेल्या कोच प्रुइट तारेच्या कुंपणापलीकडे दिसल्या, तरी तिचा हात चालला. समोर मोठ्या शाळेची टेसा मॉर्लँड होती. पहिला सेट बेरिटने सहा-चार घेतला. डार्ला कुंपणाला धरून उभी होती, ओठ हलत होते. ती देवाकडे काय मागत होती हे जवळ जाऊन ऐकायची गरज नव्हती.

दुसऱ्या सेटमध्ये चार-चार झाले. बेरिटने चेंडू उंच मारला, तो वाऱ्याने आखूड पडला, आणि तिच्या तोंडून निघून गेले, "ओप, सॉरी!"

टेसाने चेंडू मारलाच नाही. तिने हात वर केला. "ती बोलली. चेंडू माझ्याकडे येत असताना बोलली!"

कोर्टांवर फिरणारा पंच जवळच होता. मोठ्या मिशांचा, शांत गृहस्थ. त्याने विचारले, "बोललीस का?"

"हो. म्हणजे... सॉरी म्हणाले फक्त."

"तेच. तुझ्या रॅकेटवरून चेंडू सुटला, की समोरची तो मारेपर्यंत तोंड बंद. पॉइंट तिचा."

"बरं. सॉरी."

पंचाची मिशी किंचित हलली.

त्यानंतर बेरिटचा खेळच गोठला. प्रत्येक फटक्याला शब्द दातांपर्यंत यायचा, तो अडवता अडवता हात आखडायचा. सेट चार-सहा गेला. जिच्याकडे ती एकच जागा होती, ती बाई कुंपणापलीकडे कागदावर काहीतरी खुणा करत होती. बेरिटने ते पाहिले आणि नजर वळवली.

सेटनंतरच्या विश्रांतीत मिसेस श्रोडर आल्या. त्या शाळेत भूमिती शिकवतात आणि टीमही सांभाळतात. स्वतः कधी स्पर्धा खेळल्या नाहीत, पण कोन त्यांना कळतात, आणि पोरीही.

"श्वास कोंडून खेळतेयस तू."

"मला ते थांबवताच येत नाही, कोच. जीभ ऐकत नाही."

"थांबवू नकोस मग. साठव. चेंडू मेला, पॉइंट संपला, की म्हण."

"सगळं?"

"सगळं. एकदम म्हण हवं तर. पण मेल्यावर."

तिसऱ्या सेटच्या पहिल्या गेमनंतर बाजू बदलताना दोघी जाळीच्या खांबापाशी समोरासमोर आल्या, आणि बेरिट एका दमात म्हणाली, "सॉरी, सॉरी, सॉरी."

टेसा थबकली. "आता हे काय?"

"मघाचे तीन. तेव्हा म्हणता आले नाहीत."

टेसाने तिच्याकडे पाहिले आणि तिला हसूच फुटले. "वेडी आहेस का गं?"

पण बेरिटचा हात सुटला होता. जीभ मिटलेली, श्वास मोकळा. पाच-पाचपर्यंत ती टेसाच्या बरोबरीने गेली. मग टेसाने सात-पाच जिंकले. बेरिटचा शेवटचा चेंडू रेघेबाहेर वीतभर पडला. तिने जाळीपाशी जाऊन हात मिळवला आणि साठलेले दोन सॉरी तिथेच देऊन टाकले.

मग ती बाकावर बसून बॅगेची चेन लावू लागली. ती लागेना. डार्ला मागे येऊन उभी राहिली. तिने पाठीवर हात ठेवला. तेवढ्यात हिरवी टोपी समोर आली.

"तिसऱ्या सेटमध्ये चेंडू चालू असताना किती वेळा बोललीस?" कोच प्रुइटनी विचारले.

"एकदाही नाही."

"आणि त्याआधी?"

बेरिट बोटांवर मोजू लागली.

"एकोणीस." त्यांनी कागद पुढे धरला. त्यावर रेघाच रेघा होत्या. "त्या पोरीने अठरा वेळा सोडून दिलं, हे तुझं नशीब. बॅकहँड कच्चा आहे तुझा. तो मी शिकवीन. पण जन्माची सवय तासाभरात बाजूला ठेवणारी मुलगी मला शिकवून तयार करता येत नाही. जागा तुझी. शेवटची आहे, पहिलं वर्ष बहुतेक बाकावरच बसशील. येतेस?"

बेरिटने तोंड उघडले.

"येते!" मागून डार्ला ओरडली, आणि लगेच तोंडावर हात ठेवला. "ओप. सॉरी. मी मध्येच बोलले."

कोच प्रुइटनी मायलेकींकडे आळीपाळीने पाहिले. "आत्ता कळलं, हे कुठून आलंय. ऑगस्टपर्यंत सराव ठेव."

दुसऱ्या दिवशी दुपारी चर्चच्या भिंतीवर पुन्हा धपधप सुरू झाली. अर्ध्या तासाने पास्टर ओस्टबी हातात पेन तसेच घेऊन, सपाता घालून घाईघाईने बाहेर आले.

"बेरिट? बरी आहेस ना, बाळा?"

"हो, पास्टर. का?"

"तुझा आवाजच नाही! मला वाटलं, पडलीस की काय."

"मी गप्प राहायचा सराव करतेय."

"अरे देवा," पास्टर म्हणाले. "अर्धा तास झाला, एक ओळ लिहिली नाही मी. कान तुझ्याकडेच."

ते मान हलवत आत गेले. धपधप पुन्हा सुरू झाली. थोड्या वेळाने एक चेंडू उंच गेला आणि झरोक्याच्या चौकटीवर आपटला. आत पेन थांबले. बाहेर चेंडू एकदा उसळला, दुसऱ्यांदा उसळला, गवतात घरंगळत जाऊन स्थिर झाला. बेरिटने तो उचलून खिशात टाकला.

"सॉरी, पास्टर!"

"चालू दे, बाळा!"