डब्यावरची ‘आधी’ची बाई

“मावशी, लाजताय काय? चढा काट्यावर.”

सुप्याच्या एमआयडीसीत आमची पॅकिंगची कंपनी. पावडरीची पिंपं मोजायच्या काट्यावर छोट्या मालकांनी मला उभं केलं. समोर पुण्याहून आलेले आठ डीलर, मागं आमची सगळी लाइन. आकडा पेटला. चौऱ्याण्णव.

“हे आपलं ‘आधी’,” छोटे मालक डीलरांना म्हणाले. “अमिनो ॲसिडची पावडर, तीन महिने, चरबी गायब. ‘नंतर’ला सुनीता आहेच.”

सुनीता लेबलं चिकटवते. अंगानं अशी, की पंखा लावायच्या आधी तिला टेबलाला बांधावं लागतं. तिचा नि माझा फोटो डब्यावर शेजारी-शेजारी छापायचा, जणू दोघी एकच बाई.

एक डीलर म्हणाला, “काटा मोडला तर बिल कुणाला?” सगळे हसले. सुपरवायझरनं कमरेत बोट खुपसून मला वळवलं. “बाजूनं उभी ऱ्हा. पोट सोड.”

मी पोट सोडलं. त्यानं फोटो काढला. हे लिहितानाही तोंड कडू होतं. सांगितलं तसं केलं मी.

एरवी मी मुकी नाही. केडगावला बसमध्ये तोंड उघडलं की ऐकण्याच्या नादात ड्रायव्हर सुपा विसरून शिरूर गाठतो. पण घरात कमावणारी मी एकटी. म्हणून गप्प.

मग छोटे मालक म्हणाले, “मावशी आजपासून पावडर सुरू करतील.”

आजपासून?

अहो, चार वर्षं त्या पावडरीत बसतेय मी. हवेत इतकी, की एक शिंक दिली तर डबा भरतो. भाकरीवर तीच, चहात तीच. दिवाळीला बोनस म्हणून चेपलेले डबे वाटले, तेही मी इमानदारीनं संपवले. वजन दोन किलो वाढलं.

काट्यावरूनच बोलले. “सायेब, लई खाल्लीय मी ही पावडर. काय बी उतरत न्हाई. आन् सुनीतानं कदी डबा उघडला न्हाई. इचारा तिला.”

सुनीता खाली बघत म्हणाली, “व्हय. मला वासच सोसत न्हाई.”

हसणं बंद. एका डीलरनं हातातला डबा खाली ठेवला.

“उतर खाली,” छोटे मालक म्हणाले. ‘मावशी’ म्हणणं संपलं होतं.

दुसऱ्या दिवशी गेटवर कागद. ‘मी खोटं बोलले, पावडर कधीच घेतली नव्हती.’ सही केली तरच आत.

मी तिथून सरळ सरकारी दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “नुसत्या अमिनोनं वजन उतरतं, याला भरवशाचा पुरावा नाही. जेवण आवरा, चाला.” फुकट सांगितलं.

सही केलेली नाही. करणार नाही. घरी चूल थंड पडली तरी नाही. आणि तो फोटो छापलाच, तर मी दुकानादुकानात जाऊन डब्याशेजारी उभी राहणार. गिऱ्हाईकाला सांगणार: ही मीच. चार वर्षं पावडर खाऊन अशी आहे.