चला, वाढवा आता

लिहिण्याचा मला अधिकार नाही, हे आधीच सांगतो. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजात कोणी गेलं नाही, आणि मी गेलो तोही विज्ञान शाखेला. निबंधात मला कधी बरे मार्क पडले नाहीत. शिवाय ज्या यंत्राबद्दल लिहायचं आहे, त्याच्याजवळ मी जेमतेम दोन सुट्ट्या काढल्या. त्याच्या पोटात काय चालतं हे माझ्यापेक्षा कितीतरी जास्त जाणणारी माणसं आहेत. पण त्यांच्यापैकी कोणी हे लिहील असं वाटत नाही, म्हणून धीर करतो. चुकलं तर वाचणाऱ्यांनी क्षमा करावी.

दुष्काळाची वर्षं होती. नगरच्या उत्तरेला, हमरस्त्याच्या कडेला, शेतीचं एक संशोधन केंद्र होतं. मुंबईच्या एका कंपनीने वापरून सोडलेला कॉम्प्युटर तिथे आणून बसवला होता. मी टायपिंगची परीक्षा पास होतो, तेवढ्यावर मला सुट्टीत मदतनीस म्हणून घेतलं. आमचं गाव मिरजगावच्या पलीकडे. तिथे त्या साली प्यायचं पाणी टँकरने येत होतं, आणि इथे एका यंत्राला गारवा लागतो म्हणून खोली दिवसभर थंड ठेवलेली असे. पहिल्या दिवशी आत पाऊल टाकलं आणि अंगावर काटा आला. थंडीमुळे असेल असं मला वाटलं.

यंत्राला सांगायचं ते टाइपरायटरवर सांगायचं. एका ओळीत एक हुकूम. ओळ संपली की शेवटची कळ दाबायची. मग टाइपरायटर आपोआप खडखडायचा आणि खालच्या ओळीत यंत्राचं उत्तर उमटायचं. कोणी हात न लावता कळा खाली-वर होताना बघायची मला शेवटपर्यंत सवय झाली नाही. साठवायचं सगळं एका मोठ्या चपट्या डिस्कवर साठवलेलं असे. केंद्रात तिला सगळे परात म्हणत, कारण ती दिसायचीच तशी.

त्या खोलीचे प्रमुख बेलापूरचे होते, किराणा दुकानदाराच्या घरातले. पन्नाशी गाठलेली. सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणत. पहिल्याच संध्याकाळी मी त्यांना विचारलं, "भाऊसाहेब, मशीन बंद करू का?"

ते दचकले. "काय म्हणालास?"

"मशीन बंद..."

"चालत्या वस्तूला बंद म्हणतोस? दुकानात असं बोललो तर आमचा बाप कानाखाली वाजवायचा. तुझ्या आईची बांगडी फुटली तर ती काय म्हणती?"

"वाढवली म्हनती."

"मग? बांगडी वाढवायची, दुकान वाढवायचं, मशीन वाढवायची. चल, वाढव आता."

त्या दिवसापासून मीही तसंच म्हणू लागलो. भाऊसाहेब टाइपरायटरवर 'क्लोज' हा हुकूम मारायचे आणि तोंडाने म्हणायचे, "वाढवली." मला त्याचं हसू यायचं. कॉलेजात शिकलेल्या माणसाने असल्या गोष्टी मानू नयेत असं मला मनातून वाटे. पण तसं बोलून दाखवायचा धीर नव्हता.

त्या परातीत एका संशोधक बाईंची ज्वारी होती. म्हणजे दाणे नव्हेत, त्यांची माहिती. बाई कोरडवाहू ज्वारीच्या जातींचे संकर करत. चार रब्बी हंगाम त्यांनी रानातलं एकेक ताट निरखलं होतं. त्यातले शेवटचे दोन दुष्काळाचे. कोणतं वाण पाणी नसताना किती तग धरून राहिलं, त्याचे आईबाप कोण, हे सगळं डिस्कवर. बियाण्याच्या गोदामात पिशव्या होत्या, पण त्यांच्यावर नुसते आकडे. आकड्यामागचं वाण कोणतं, ते परात सांगणार. आधी ही माहिती भोकं पाडलेल्या कार्डांवरही होती. त्या कार्डांना वाळवी लागली. ज्या गठ्ठ्याला हात लावावा त्याची माती होऊन खाली पडायची.

दुसरी परात होती, पण तिच्यावर चरा पडलेला. नवीन यायची तर दिल्लीहून आयातीचा परवाना यायला हवा होता. तो येत नव्हता.

त्यात यंत्र विसरायला लागलं. परातीवर काय कुठे ठेवलंय याचा हिशेब ठेवणारा एक प्रोग्राम असतो. तो जुना झाला होता. सकाळी काही विचारावं तर टाइपरायटर एकच तक्रारीची ओळ पुन्हा पुन्हा छापायचा. कधी दुपारी आपोआप ताळ्यावर यायचा, कधी नाही. यंत्र बनवणाऱ्या कंपनीने कळवलं की प्रोग्रामची नवी आवृत्ती घालावी लागेल, इंजिनिअर पाठवतो.

भाऊसाहेबांना ते पटत नव्हतं. दुसरीकडे नक्कल नसताना परातीला हात लावायचा नाही, असं त्यांचं म्हणणं. छपाईचं यंत्रही बिघडलेलं होतं. म्हणून आम्ही बाईंची माहिती टाइपरायटरवरच छापून काढायला घेतली. तो मुंगीच्या चालीने छापायचा. पहिले दोन हंगाम कागदावर उतरले आणि रिबीन इतकी फिकी झाली की आकडे वाचवेनात. नव्या रिबिनी मागवल्या, त्या आल्या नाहीत. इंजिनिअर आला.

तो मद्रासकडचा, पण काही वर्षं पुण्यात राहिलेला. आल्या आल्या म्हणाला, "मराठीच बोला माझ्याशी. मला पूर्ण येते." माणूस मोकळा होता. दुपारी आम्ही कँटीनला जेवायला बसलो. बाईही होत्या. इंजिनिअर आचाऱ्याला म्हणाला, "थोडा भात वाढवा."

आचारी पळी धरून तसाच उभा राहिला. "साहेब, भात वाढू का वाढवू? वाढवला तर उपाशी राहाल."

सगळे हसले. इंजिनिअरला काही कळेना. बाईंनी त्याला समजावलं, "ताटात घालायचं ते वाढायचं. वाढवणं म्हणजे आहे त्याचं मोठं करणं."

"म्हणजे एक्स्टेंड," इंजिनिअर म्हणाला.

"हो, तसंच."

तो शब्द त्याने मनात ठेवला. मला आता वाटतं, त्या वेळी भाऊसाहेब तिथे असते तर बरं झालं असतं. पण त्यांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि ते घरी होते. दुसऱ्या डोळ्याने त्यांना आधीपासूनच धूसर दिसायचं.

प्रश्न होता थांबायचं की नाही. इंजिनिअर म्हणाला, "पुढची फेरी दिवाळीनंतर. तोपर्यंत हा जुना प्रोग्राम टिकेल असं मी लिहून देणार नाही." सगळे बाईंकडे बघू लागले. बाई म्हणाल्या, "पेरणी दिवाळीपर्यंत थांबत नाही. कोणती पिशवी रानात न्यायची हे मला आत्ता कळायला हवं. घाला नवा प्रोग्राम. पुढे काय वाढून ठेवलंय ते बघू."

दुसऱ्या दिवशी भाऊसाहेब आलेच. डोळ्यावर हिरवं फडकं, हाताला धरून मुलाने जीपमधून उतरवलेलं.

"डॉक्टरांनी उठू नका म्हणून सांगितलं ना?" बाई म्हणाल्या.

"डॉक्टरची ज्वारी न्हाई परातीत," भाऊसाहेब म्हणाले. "जागा कुठली कुणाची, ते मलाच म्हाईत हाय. मी नुसतं बसून सांगतो."

बाई बाहेर व्हरांड्यात थांबल्या. रस्त्यापलीकडे जनावरांची छावणी होती. दार उघडलं की तिथलं हंबरणं आत यायचं, दार लागलं की एकदम तुटायचं. इंजिनिअर टाइपरायटरपुढे बसला. भाऊसाहेब त्याच्या मागे खुर्चीवर. मला परातीच्या कपाटाजवळ उभं केलं होतं, लाल दिवा लागला तर सांगायला.

परातीवर जागा पाडलेल्या असतात, एका रानाचे वाटे पाडावेत तशा. एक वाटा यंत्राच्या स्वतःच्या कच्च्या कामाचा होता. त्याला लागून बाईंचे शेवटचे दोन हंगाम. नवा प्रोग्राम घालायच्या आधी कच्च्या कामाची जागा क्लोज करायची असते, म्हणजे त्यात कोणी नवं काही लिहीत नाही.

सुरुवातीच्या ओळी नीट गेल्या. भाऊसाहेब सांगत, इंजिनिअर मारी, यंत्र उत्तर देई. मग भाऊसाहेब म्हणाले, "आता कामाची जागा वाढवा."

इंजिनिअरचे हात थांबले. "किती वाढवू?"

भाऊसाहेब हसले. "किती म्हणजे? अर्धी कशी वाढवणार? पूर्ण वाढवा."

मी हे ऐकलं. माझ्या कानाला त्यात काही खटकलं नाही. रोज संध्याकाळी ऐकायचो तोच शब्द होता.

कळा वाजल्या. भाऊसाहेबांनी मान वर केली. फडक्याखालून ते कुठे बघत होते कोणास ठाऊक. म्हणाले, "एक टक जास्त पडली."

"काय?"

"शब्द लांब झाला. काय मारलंत?"

तोवर इंजिनिअरने शेवटची कळ दाबली होती. कपाटात परातीवर लिहिणारा दांडा सरकायला लागला. एरवी तो दोनदा खरखरून थांबायचा. या वेळी थांबेना. बांध कोरत कोरत शेजारच्या रानात शिरावं तसा एका दिशेने सरकत राहिला. लाल दिवा लागला नाही. यंत्राच्या मते सगळं ठीक चाललं होतं.

"एक्स्टेंड मारलं," इंजिनिअर म्हणाला. "तुम्हीच म्हणालात, पूर्ण वाढवा."

भाऊसाहेबांचा चेहरा उतरला. ते अगदी हळू आवाजात म्हणाले, "बंद करा."

त्यांच्या तोंडून तो शब्द मी पहिल्यांदाच ऐकला. माझा हात यंत्राच्या मुख्य बटणापर्यंत गेला आणि तिथेच राहिला. ते पुन्हा म्हणाले, "बंद कर रे. बंद कर ते."

मी बटण खाली ओढलं. खोलीतली घरघर थांबली. दार लावलेलं असूनही पहिल्यांदाच छावणीतली जनावरं स्पष्ट ऐकू आली.

इंजिनिअरने त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी जमेल ते सगळं केलं. जेवायलाही उठला नाही. नवा प्रोग्राम मात्र सुरळीत चालला. सकाळची ती तक्रारीची ओळ पुन्हा कधी उमटली नाही. बाईंच्या जागेबद्दल विचारलं की यंत्र तत्परतेने उत्तर द्यायचं, आणि त्या उत्तरात यंत्राचंच कच्चं काम असायचं, ओळीच्या ओळी शून्यं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाई आत आल्या तेव्हा भाऊसाहेब त्याच खुर्चीवर होते; शब्दाचा घोळ बाईंच्या कानावर गेला होता. "माझी ज्वारी?" बाईंनी विचारलं.

"दोन हंगाम कागदावर हायेत."

"कुठले?"

"पहिले."

पहिल्या दोन हंगामांत पाऊस बरा झाला होता. तेव्हा सगळीच वाणं उभी राहिली होती. बाईंना हवं होतं ते त्यातून कळणार नव्हतं. त्यांनी इंजिनिअरकडे पाहिलं. तो उठून उभा राहिला. बाई म्हणाल्या, "बसा. भाताच्या वेळी मीच सांगितलं तुम्हाला, तोच अर्थ लावलात." आणि त्या बाहेर गेल्या.

मग त्यांनी ठरवलं की सगळ्या पिशव्यांतलं थोडं थोडं बी ओळीओळीने पेरायचं आणि पुन्हा पहिल्यापासून निरखायचं. विहिरीला पाणी नव्हतं, आणि त्यांच्या प्रयोगाला किती मुदत मिळेल ते वरच्यांच्या हातात होतं. माझी सुट्टी संपली. निघताना मी त्यांच्या रानावरून गेलो. काकऱ्या पाडलेल्या होत्या, खुंट्यांवर आकडे होते. मातीत ओल कुठे दिसली नाही. बाई शेवटची खुंटी ठोकत होत्या. त्या म्हणाल्या, "अभ्यास कर नीट."

पुढे गावी गेलो तेव्हा आईच्या हातावर भाकरीची काठवट आपटली. "बांगडी वाढवली रे," ती म्हणाली आणि काचा गोळा करू लागली. मी इतका वेळ त्या काचांकडे बघत बसलो की तिने विचारलं, "तुला काय झालं?"

कॉलेजच्या दिवसांत केंद्राकडचं कोणी भेटलं की मी ज्वारीची चौकशी करायचो. कोणाला नक्की माहीत नसायचं. एकाने सांगितलं उगवली आहे, दुसरा म्हणाला जळाली. जवळजवळ वर्ष गेलं. एका दुपारी नगरच्या स्टँडवर केंद्राचा शिपाई भेटला. हातात पिशवी, गाडीच्या घाईत. मला ओळखून थांबला.

"बरं झालं भेटलास. भाऊसाहेबांनी निरोप दिलाय, तू विचारत असतो म्हणून."

"काय?"

"बाईंचा प्रयोग वाढवला."

शब्दाचा अर्थ मला माहीत होता. निरोप कोणाचा आहे हेही माहीत होतं. तरीही मी विचारलं, "किती एकर?"

त्याने पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "वाढवला रे. पूर्ण."