नमुन्याची बाटली

बादलीच्या कडेला पांढरा क्षार दिसला की भूकंपानंतरचं ते वर्ष आठवतं. रेणापूरच्या आमच्या शेतातल्या विहिरीचं पाणी खारट झालं होतं आणि मोसंबीची पानं कडेनं करपत होती. मी लातूरला ट्यूशनला जायचे, म्हणून तिथल्या प्रयोगशाळेत द्यायची तपासणीच्या पाण्याची बाटली आईनं भरून माझ्याकडेच दिली. एसटीत ती उजेडाला धरून मी पाहत राहिले, काहीच दिसेना. अहवाल आला, पाणी उत्तम! मोसंबी मात्र जळतच होती. न राहवून मी आईला विचारलं, "बाटली कुठं भरली होतीस?" ती म्हणाली, "शेजारच्या गोड्या आडावर. सायबाला खारं पाणी कसं द्यावं, माय?" आता नमुने मीच तपासते. पाणी फारच चांगलं निघालं, तर सही करण्याआधी विचारते, "घरात बाटली कुणी भरली?"