मामूंचं अर्धं वाक्य

"आता अंगात गरम वाटेल, आणि मग..."

एवढं बोलून मामू थांबायचे. हातात सिरिंज, भुवया वर, आणि टेबलावर आडव्या पडलेल्या माणसाचा जीव त्या 'मग'मध्ये अडकलेला. पुरेसं ताणून झालं की गंभीर तोंडानं सांगायचे, "मग लघवी झाल्यासारखं वाटेल. वाटेल, पण होणार नाही." सीटी स्कॅनमध्ये चित्र उठून दिसावं म्हणून शिरेतून कॉन्ट्रास्ट नावाचं औषध देतात, त्यानं तसं वाटतंच. तुमच्यापैकी ज्यांनी ते घेतलंय, ते आत्ता गालात हसत असतील.

कासारवाडीतल्या आमच्या स्कॅन सेंटरात मी काउंटरवर आणि मामू आत. दापोडीच्या गॅरेजवाल्या घरातला हा माणूस इंजेक्शनांकडे कसा वळला, असं विचारलं तर म्हणायचे, "गाडी ओरडत नाही, राव. मजा नाही येत." गणपतीत मंडळाच्या नाटकात दरवर्षी खलनायक मीच असतो, पण असा पॉज मला कधी जमला नाही. मनापासून हेवा वाटायचा.

औषध सोसतं का हे बघायला मामू आधी हाताच्या कातडीत त्याचा टिपका टोचत, भोवती बॉलपेननं गोल काढत आणि पेशंटला समोर बसवून गप्पा मारत. सासुरवाडी कुठली, लग्नात जेवायला काय होतं, काहीही. "बोलत राहा. गप्प माणसाची मला भीती वाटते." एका आजींना तो गोल नजर न लागण्यासाठी आहे असं वाटलं. त्यांनी सुनेच्या हातावरही काढायला लावला. मामूंनी मुकाट्यानं काढून दिला.

एकदा निघोज्याचा एक गडी बायकोला घेऊन आला. गड्याच्या मूत्रपिंडावर गाठ होती. स्कॅन झाला की ऑपरेशनची तारीख मिळणार होती. मी काउंटरवर विचारलं, हे औषध पूर्वी घेतलंय का?

"न्हाई."

काही त्रास?

"घेतलंच न्हाई, तर तरास कुठला?"

हातावरचा गोल स्वच्छ राहिला. गडी टेबलावर पडला. मी कसलासा कागद द्यायला आत गेलो होतो. मामूंनी सुरू केलं, "आता अंगात गरम वाटेल, आणि मग..."

"मंग मुतल्यावानी वाटंल, पर व्हनार न्हाई," गडी म्हणाला. "उरका आता, मामू."

मी हसलो. मामू हसले नाहीत. त्यांनी सिरिंज ट्रेमध्ये ठेवली आणि स्टूल ओढून त्याच्या उशाशी बसले.

"भावा, घेतलंच नाहीस, तर कळलं कसं?"

"भायेर कुनीतरी म्हनत हुतं."

"कोण? आज पहिला नंबर तुझाच आहे."

गडी छताकडे बघत हळूहळू बोलला. गेल्या वर्षी दुसरीकडे हेच औषध घेतल्यावर अंगभर गांधी उठल्या होत्या, ओठ सुजले होते, दम लागला होता. "सांगितलं असतं तर तुमी परत धाडलं असतं. गाठ वाढतीया, मामू."

"मला म्हनला, कंपनीत मधमाश्या चावल्या," दारातून बायको म्हणाली.

मामू म्हणाले, "परत कोणी धाडत नाही. पण आत्ता दिलं असतं, तर तारीख घ्यायला कोण जाणार होतं?"

डॉक्टर आले. टेस्ट साफ आली तरी मागचा त्रास विसरून चालत नाही, असं म्हणाले. त्यांनी आधी घ्यायच्या गोळ्या दिल्या, औषध बदललं, आणि त्याच आठवड्यात स्वतः शेजारी उभं राहून स्कॅन करून घेतला. गड्याला गरम वाटलं. झालं काहीच नाही. ऑपरेशनही वेळेवर झालं.

"म्हणजे तो पॉज..." मी मामूंना विचारलं.

"नवा माणूस विचारतो, 'मग काय?' जुना स्वतःच सांगतो."

"आणि मी त्याला अभिनय समजत होतो."

"अभिनय पण आहेच की, राव," मामू जरा दुखावून म्हणाले.

आता मामू रिटायर झालेत. दापोडीत मुलाच्या गॅरेजात खुर्ची टाकून न ओरडणाऱ्या गाड्यांशी बोलत बसतात. त्यांच्या जागी आलेली ताई हुशार आहे, पण सगळं एका दमात सांगून मोकळी व्हायची.

मध्यंतरी तो गडी तपासणीला आला. मी काही विचारायच्या आत अख्ख्या बाकाला ऐकू जाईल असं म्हणाला, "मला या औषधानं गांधी उठत्यात. पयलं ते लिवा." आत गेल्यावर ताईला म्हणाला, "ताई, 'मग' म्हनलं की थांबायचं असतंय."

"कशाला?" ताईनं दारातून मला विचारलं. मी भुवया वर केल्या, पुरेसं ताणलं, आणि मग सांगितलं.

परवा आतून ताईचा आवाज आला, "आता अंगात गरम वाटेल, आणि मग..."

शांतता. मी पेन खाली ठेवला.

"मग काय हो, ताई?" कोणीतरी घाबरून विचारलं.

मी पुढचा नंबर पुकारला.